आकाशपाळण्यात गेलेला चेंडू

१६ मार्च, रविवार. आर्वी

ठाक्.

सहासष्ट की सदुसष्ट साल असेल. पवनारला धाम नदीच्या काठी ऐकलेला आवाज. कपडे धुवायची मोगरी, आणि चिंध्यांवर सायकलची ट्यूब कापून गुंडाळलेला चेंडू. मोगरी चेंडूला लागली की पलीकडच्या काठावरून तो आवाज परत यायचा. आज आर्वीच्या डेपोत एसटीतून उतरताना कानात अगदी तसाच वाजला. कारण काही नाही. कंडक्टरने दार आपटले असेल.

तेव्हा आमच्या गावात अमेरिकेहून एक सोनेरी केसांचा पोरगा कोंबड्या पाळायला शिकवायला आला होता. गाव त्याला कोंबडीसाहेब म्हणे. कोंबड्या कोणीच पाळल्या नाहीत. बेसबॉल मात्र मी पाळला. तेवढ्यासाठी आमच्या शेजारणीची मोगरी गेली आणि कोंबडीसाहेबाला गावभर शिव्या पडल्या. त्याला त्या कळत नव्हत्या. तो सगळ्यांना हात जोडायचा.

दिवाळीत वेदश्रीने — नातीने — मोबाइलवर दाखवले. तिकडे अमेरिकेत मार्च आला की बेसबॉलचे वेडे रजा काढतात, उबदार गावी जाऊन संघांचा सराव बघत बसतात आणि संध्याकाळी मोठमोठ्या पार्कांत पाळण्यांत बसतात. सराव बघायला सुट्टी! मी तेव्हाच ठरवले, हीच सुट्टी घ्यायची. उबदार गाव म्हणजे आर्वी. जिल्ह्याच्या मुलींचे बेसबॉल शिबिर यंदा इथे आहे, माझी थोरली बहीण रुख्माबाई इथे आहे, आणि त्याच मैदानावर मीना बाजार लागला आहे. आणखी काय पाहिजे.

बाई (मी तिला बाईच म्हणतो) दारातच म्हणाली, "मधू, लोकं उन्हाळ्यात थंड गावी जातात. तू काऊन आर्वीले आला?"

मी म्हटले, सुट्टीवर.

"कशाची सुट्टी? रिटायर हून तुले किती वर्षं झाले?"

खरे कारण तिला सांगितले नाही. इथे लिहितो. पाडव्याच्या आधी श्रीनिवास मला कायमचा पुण्याला न्यायला येणार आहे. वर्ध्याची खोली सोडायची. माझी तक्रार नाही, मुलगा चांगला आहे, सून लीना त्याहून चांगली आहे. पण जिल्ह्याचा संघ निघाला तेव्हापासून मी त्याचा एकही सामना चुकवलेला नाही, आणि संघाने एकही जिंकलेला नाही. येत्या रविवारी नागपूरशी सराव सामना आहे. जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, वर्ध्याला जिंकताना पाहायचे आहे. पुण्यातही बेसबॉल आहे म्हणतात. पण तिथले जिंकतच असतील. जिंकणाऱ्यांना प्रेक्षक कशाला लागतो?

१७ मार्च

"सर, पब्लिक आली!"

मुली मला पब्लिक म्हणतात. दुसरे कोणी बघायला येत नाही, त्यामुळे चुकीचे नाही.

सुमीत सर शाळेत पीटी शिकवतात आणि उरलेल्या वेळात जिल्ह्याला बेसबॉल शिकवतात. मला खुर्ची देत म्हणाले, "आलात काका? आता शिबिर सुरू झाल्यासारखं वाटते." संघात नऊ जणी लागतात. आज आठ होत्या. बाकीच्यांचे पेपर. नवव्या जागी सर स्वतः उभे राहिले आणि सर्वांत वाईट खेळले.

मैदानाची गंमत अशी की शाळेने ते दोघांना दिले आहे. अर्धे आम्हाला, अर्धे मीना बाजाराला. मध्ये फक्कीची रेघ. बेसबॉल असल्या रेघेत मावत नाही. तिसऱ्या बेसच्या पाठीशीच आकाशपाळणा उभा आहे. तिथे उभ्या राहणाऱ्या मुलीच्या डोक्यावर वरून लोकांच्या चपला पडतात. ती हेल्मेट घालून उभी असते.

सकाळी एक चेंडू उडाला तो थेट पाळण्यात. मीना बाजाराचे मालक प्रेमदास धावत आले. "सरजी, बॉल येऊ दे, पण पाळणा थांबनार नाई. पब्लिक तिकीट काढून बसली आहे."

सर म्हणाले, "मग बॉल कसा भेटायचा?"

"फेरा पुरा झाला का खाली येते ना बॉल. आपन कुठं ठेवून राह्यलो?"

शेवटी दोघांनी बसून नियम केला, आणि सरांनी तो पुठ्ठ्यावर लिहून मीना बाजाराच्या तंबूला टांगला: चेंडू पाळण्यात गेला तर तो खाली येऊन हाती लागेपर्यंत खेळ चालू समजावा, फटका मारणाऱ्याने पळत राहावे. चारही बेसना शिवून घरी आला की एक रन, हे तर नेहमीचेच. पाळण्यात बसून चेंडू आणायचा असेल तर तिकीट लागेल. ही शेवटची ओळ प्रेमदासांनी घालायला लावली.

१८ मार्च

संध्याकाळी आकाशपाळण्यात बसलो. वरून मैदान अगदी फळ्यावर मांडलेल्या कवितेच्या वृत्तासारखे दिसते, बेस म्हणजे यती, थांबायच्या जागा, मुली म्हणजे लघू आणि गुरू. हे सगळे सुचत असतानाच उलटी झाली. खाली तिसऱ्या बेसवर कोणी नव्हते, देवाची कृपा.

१९ मार्च

मुलींसाठी घोषणा लिहून नेली. शार्दूलविक्रीडितात बसवली आहे, एकही मात्रा इकडची तिकडे नाही. कवितेच्या तासाला आमचे नत्थूजी मास्तर टेबलावर छडी आपटून लघु-गुरू म्हणून घ्यायचे, त्या चालीवर मी ती उभे राहून म्हणून दाखवली. मुलींनी शेवटपर्यंत ऐकली. मग कॅप्टन नम्रपणे म्हणाली, "आजोबा, मस्त आहे. पण हे म्हनता म्हनता आमची इनिंग संपून जाईन."

त्यांनी "वर्धा, वर्धा, हो हो हो" पसंत केले.

दुपारी मीना बाजारात जलपरी पाहिली. काचेच्या पेटीत शेपटी लावून निजलेली एक मुलगी. पडद्यामागून एक जण सांगत होता की ती समुद्रात सापडली, तिला बोलता येत नाही. मी वाकून पाहिले तर ती हळूच म्हणाली, "काका, सकाळी ते पोरी काय खेळून राह्यल्या होत्या?" नाव काजल. समुद्र पाहिलेला नाही. तिला पेटीच्या काचेवर बोटाने बेस काढून दाखवले. मागच्या रांगेतले लोक ओरडू लागले.

२० मार्च

काजल जेवणाच्या सुट्टीत सराव बघायला आली. शेपटी काढायला वेळ नव्हता, दोघांनी उचलून आणून माझ्या शेजारच्या खुर्चीत ठेवली. पब्लिक दुप्पट.

२१ मार्च

श्रीनिवासचा फोन. "बाबा, नेमकं काय चाललंय? आत्या सांगते तुम्ही रोज मीना बाजारात जाता आणि एका जलपरीशी बोलता."

मी म्हटले, खरे आहे.

त्याने फोन स्पीकरवर टाकला. मग, "औषध घेता ना वेळेवर?" लीनाने मागून विचारले, झोप लागते का. दोघांना वाटते मी पुण्याच्या भीतीने बहकलो आहे. रविवारचे सांगावे असे वाटले. पण सांगितले असते तर त्याने हसून "बरं बाबा" म्हटले असते. ते ऐकायचे नव्हते.

२८ तारखेला घ्यायला येतो आहे. बाईच्या घरूनच परस्पर पुणे. वर्ध्याचे सामान टेम्पोवाला नेईल.

२२ मार्च

नागपूरचा संघ आला. स्वतःची बस, स्वतःचे पाण्याचे कॅन, सगळ्यांचे एकसारखे बूट. आमच्या मुली ते बूट बघत राहिल्या. त्यांच्या प्रशिक्षकांनी पुठ्ठ्यावरचा पाळण्याचा नियम वाचला आणि हसत सुमीत सरांच्या सहीशेजारी आपली सही केली.

त्यांची पिचर यामिनी. चेंडू टाकणारीला पिचर म्हणतात. बारीक, काळीसावळी, कोणाशी बोलत नाही. तिला टाकताना पाहिले आणि खुर्चीतून उठलो. आधी चार संथ हालचाली — पाय मागे, हात वर, मान वळवणे, थांबणे — आणि मग पाच झरझर, की चेंडू गेला. मंदाक्रांता! चार गुरू, पाच लघू. जन्मभर जे वृत्त कानांनी ऐकले ते डोळ्यांनी पाहिले. मी टाळ्या वाजवल्या. सुमीत सर म्हणाले, "काका, तुम्ही आपल्याकडून आहात ना?"

सर सांगत होते, मुंबईकडचे एक निवड समितीवाले उद्या मुद्दाम तिच्यासाठी येणार आहेत. राज्याच्या संघात तिची जागा ठरल्यातच जमा आहे, उद्याचा सामना तेवढा नीट गेला पाहिजे. वडील तिचे रिक्षा चालवतात, तेही येणार होते पण भाडे आले.

तिच्यापुढे आपण कसे जिंकणार? सरांना विचारले.

"जिंकायचं कुठं काका. चांगलं हरायचं."

रात्री बाईला शेवटी सगळे सांगून टाकले, सुट्टी कशासाठी ते. ती भाकरी परतत म्हणाली, "एवढंच होतं तं लहानपनीच सांगायचं, नवस बोलली असती."

२३ मार्च, रविवार

सगळे क्रमाने लिहून ठेवायचे.

सामना सकाळीच सुरू व्हायचा होता. आपल्याकडे उद्घाटनाशिवाय सामना सुरू होत नाही आणि मुख्य पाहुण्यांशिवाय उद्घाटन होत नाही. पाहुणे फोनवर "निघालो", मग "पोचतोच" म्हणत होते. केळझरला गणपतीच्या दर्शनाला थांबले, तिथून कोणाच्या साखरपुड्याला गेले, मग फोन बंद. ऊन चढले. नागपूरचे प्रशिक्षक घड्याळाकडे बघू लागले. शाल आणलेली, नारळ आणलेला, हारवाला हाराचे पैसे परत द्यायला तयार नाही.

सुमीत सर माझ्याकडे आले आणि माझ्या खांद्यावर शाल टाकली. "काका, आज तुम्हीच पाहुणे."

मी म्हटले, मी तर पब्लिक आहे.

"पब्लिकच मायबाप असते काका. चला."

माइक मीना बाजाराचाच होता. प्रेमदासांनी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे पुकारले: "वर्धा की तरफ से पहिला बॉल खेळनार, माननीय मधुकरराव!" मौत का कुआँतली मोटारसायकलसुद्धा थांबली.

उद्घाटनाचा चेंडू म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक असते. पाहुण्याने बॅट धरायची, समोरच्याने अलगद टाकायचा, पाहुण्याने हवेत फिरवायची, टाळ्या, फोटो. मी उभा राहिलो, खांद्यावर शाल, बगलेत नारळ — नारळ घ्यायला कोणी पुढे आलेच नाही. यामिनीकडे तिच्या प्रशिक्षकांनी बघून हात खाली-खाली केला, हळू. पेपरच्या फोटोग्राफरने पंचांना सांगितले, "साहेब, काहीतरी बोलतानाची पोज द्या." पंचांनी हात उंचावला आणि ओरडले, "प्ले बॉल!"

यामिनीने टाकला. मंदाक्रांता नव्हे — अंगाई. नातवाकडे टाकावा तसा, आजोबांकडे टाकला.

मी फिरवली. लागला. कसा, ते सांगता येणार नाही. कोंबडीसाहेबाने शिकवलेले खांद्यात कुठेतरी राहिले असेल. चेंडू वर गेला, तिसऱ्या बेसवरच्या हेल्मेटवरून गेला आणि पाळण्यात, पॉपकॉर्न खाणाऱ्या एका नवराबायकोच्या मध्ये जाऊन बसला. टाळ्या. फोटो. मी हात जोडले. आणि तेवढ्यात आमची कॅप्टन ओरडली —

"आजोबा, पळा! नियम आहे! पळा!"

पळालो असे लिहिणे बरोबर नाही. निघालो. पहिल्या बेसवरची मुलगी बाजूला झाली. दुसऱ्या बेसवरचीने वाकून नमस्कार केला, मी "सुखी राहा" म्हणून पुढे गेलो. वरून नवरा ओरडत होता, "हा बॉल कोनाचा आहे?" पाळणेवाला पाळणा सोडून माझा व्हिडिओ काढत होता, त्यामुळे फेरा संपला तरी पाळणा थांबेना, चेंडू खाली येऊन पुन्हा वर गेला. काजल पेटीतून उठून काच वाजवत होती. तिसरा बेस. नारळ घसरला, मी तो उचलायला थांबलो, सगळ्या मुली किंचाळल्या. मग घर.

सगळे हसले. यामिनीही हसली. पहिल्यांदाच पाहिले तिला हसताना. मी खुर्चीत येऊन बसलो, मला पाणी दिले, आणि मग "खरा" सामना सुरू झाला.

त्यानंतर यामिनीने आमच्या एकीलाही चेंडूला बॅट लावू दिली नाही. आमच्या मुलीही आज वेगळ्याच होत्या, नागपूरचे जे उडाले ते झेलले. एक तर पाळण्यातच गेला असता, तो वरून पडणाऱ्या चपलेला लागून आमच्या मुलीच्या हातात आला. उन्हे उतरली. दोन्हीकडे शून्य, असे आम्ही सगळे समजत होतो. नागपूरचे प्रशिक्षक म्हणाले, बरोबरी करून टाकू, वाटेत घाट नसला तरी आम्हाला अंधारात बस चालवायची नाही.

तेव्हा गुणलेखक अण्णाजी उठले. गणिताचे निवृत्त मास्तर, दिवसभर कोणाशी बोलले नव्हते. त्यांनी कागद वाचला. "वर्धा एक. नागपूर शून्य."

सगळ्यांनी विचारले, एक कुठून आला?

"पंचांनी प्ले बॉल म्हटलं. म्हणजे खेळ सुरू. नाव माइकवर पुकारलं होतं. चेंडू पाळण्यात गेला, नियम तंबूवर टांगला आहे, खाली दोन्ही प्रशिक्षकांच्या सह्या आहेत. खेळ सुरू झाल्यावर जो घरी येतो त्याला रन म्हणतात. मी काही मनानं लिहिलेलं नाही."

पंचांनी पुठ्ठा वाचला. पुन्हा वाचला. मग आमच्या मुलींनी मला उचलले.

एवढी वर्षे वर्ध्याला जिंकताना पाहायचे होते. आज जिंकत होतो तेव्हा दिवसभर समोर बसून पाहिले आणि मला ते माहीतच नव्हते.

२४ मार्च

अंग ठणकते आहे. बाई तेल लावताना म्हणाली, "देशासाठी लागलं तं सहन कर."

२५ मार्च

नागपूरने हरकत घेतली. बेसबॉल संघटनेची समिती तिकडे नागपूरला बसली आहे. सुमीत सर सकाळी धापा टाकत आले. "काका, आधार कार्ड द्या."

कशाला?

"तुम्ही खेळाडू आहात हे दाखवावं लागते."

सर, सामना एकोणीस वर्षांखालील मुलींचा होता.

सर बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "सराव सामन्याले वयाची अट नाई काका, मी पाहून राह्यलो कालपासून. मुलींचं कसं बसवायचं तेवढं पाहतो."

आतून बाई म्हणाली, "मायं कार्ड नेता काय?"

२६ मार्च

निकाल कायम! सुमीत सरांचा फोन. समितीने मीना बाजाराच्या माइकचे रेकॉर्डिंग ऐकले, पुठ्ठा पाहिला, अण्णाजींना बोलावून घेतले. अण्णाजींपुढे त्यांचे काही चालले नाही म्हणे. वर्धा विजयी. लेखी.

प्रेमदासांनी सगळ्या मुलींना दोन फेऱ्या फुकट दिल्या. मलाही बसा म्हणाले, मी खालूनच हात हलवला. काजलने पेटीत निजल्या निजल्या हात वर केला, पडद्यामागचा माणूस म्हणाला, "देखो, जलपरी भी खुश!"

संध्याकाळी बॅग भरली. आता पुणे काय, कुठेही न्या. श्रीनिवासला फोन करून सगळे सांगितले. तो हसला नाही. म्हणाला, "बाबा, मला का नाही सांगितलं? मी आलो असतो ना."

बऱ्याच दिवसांनी शांत झोप येईल असे वाटते.

२७ मार्च

सकाळी कडी वाजली. वाटले, श्रीनिवास एक दिवस आधीच आला. दार उघडले तर यामिनी. नागपूरहून पहिल्या एसटीने, एकटी. पाठीला किटबॅग.

राज्याच्या यादीत नाव नाही. निवड समितीवाले सामन्याला पोचलेच नव्हते, त्यांनी नुसता कागद पाहिला: हरलेली पिचर, एकाहत्तर वर्षांच्या माणसाने रन काढलेली. ती रडत नव्हती. एवढेच म्हणाली, "पाहुन्याले हळू टाकजो असं आमच्या सरांनीच सांगतलं होतं, आजोबा. आता सरच इचारतात, हळू टाकला काऊन?"

मी आत जाऊन सदरा बदलला. बाईला म्हटले, नागपूरला जाऊन येतो, निकाल देणाऱ्या समितीकडे. श्रीनिवासला कळव.

"काऊन आता? जिंकला ना?"

म्हटले, हरायला चाललो.

तिने दाराकडे पाहिले. मग पोळपाट काढला. "जेवून जाय. तिलेबी आत बोलाव."